श्रीसंत तुकाराम महाराज : मरणाचे भय आणि मोडके देऊळ



श्रीविठ्ठल-रखुमाईच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या सढळ हाताने आपल्या देवळाचा जीर्णोद्धार तडीस गेला. या मंगल प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेसाठी एखाद्या संताचे चरित्र लिहून द्यावे, अशी समितीतील वडीलधाऱ्या मंडळींनी आज्ञा केली. प्रस्तुत लेखक हा तालुका कचेरीतील एक साधा कारकून, शिक्षण एस.एस.सी. पर्यंत. विद्वत्तेचा दावा नाही. तुकोबारायांचे चरित्र निवडण्याचे कारण इतकेच की, त्यांनी स्वतः आपल्या गावचे मोडके देऊळ बांधून काढले, आणि तेही घरात मरण थैमान घालून गेल्यानंतर.

देहू हे इंद्रायणीकाठचे गाव. तेथील मोरे घराण्यात बोल्होबा व कनकाई यांच्या पोटी तुकोबांचा जन्म झाला. इ.स. 1608 हे साल सर्वसाधारणपणे मानले जाते. घराणे कुणब्याचे, पण घरात बाजारपेठेची महाजनकी, दुकान, शेती आणि थोडी सावकारीही होती. मूळपुरुष विश्वंभरबुवा हे पंढरीचे वारकरी. त्यांनीच देहूस विठ्ठलाची स्थापना केली. सावजी थोरले, कान्होबा धाकटे आणि तुकोबा मधले. सावजींचा ओढा विरक्तीकडे, म्हणून प्रपंचाचा भार लहान वयातच तुकोबांवर पडला. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असे. म्हणून दुसरे लग्न झाले, त्या जिजाबाई. इथवर सारे भरल्या घरासारखे होते.

मग माणसे जाऊ लागली. सतरा-अठरा वर्षांच्या वयात आईवडील गेले. थोरली भावजय वारली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. त्यावर 1630 साली पाऊस पडला नाही. 1630 ते 1632 हा दख्खनचा दुष्काळ इतिहासात फार भयंकर म्हणून नोंदलेला आहे. त्याच 1630 च्या फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, यावरून काळाची कल्पना यावी. एकीकडे फौजांची धावपळ, दुसरीकडे अन्नान्न दशा. आपल्या गावातील म्हातारी माणसे 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगतात. परंतु 1972 साली सरकारी कामे होती, सुकडी होती, मिलो का होईना पण धान्य होते. तुकोबांच्या वेळी यातले काहीच नव्हते. गुरे मेली, दुकान बसले, दिवाळे निघाले. रखमाबाई अन्न अन्न करीत गेल्या. त्यांच्या पाठोपाठ संतोबा हा लहानगा मुलगाही गेला.

तुकोबांनी हे सर्व आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत स्वतः सांगितले आहे, आणि फार थोड्या शब्दांत सांगितले आहे. दुष्काळाने द्रव्य नेले, मान गेला, बायको अन्नावाचून मेली, लाज वाटली, व्यवसायात तोटा आला. आणि लगेच पुढे येते ते देवाचे देऊळ भंगलेले होते, त्याचे काही करावे असे चित्तात आले. प्रस्तुत लेखकाने हा अभंग अनेकदा वाचला आहे. प्रत्येक वेळी या ठिकाणी थांबावे लागते. बायकोच्या मरणानंतरची पुढची गोष्ट देऊळ!

महाराजांचे चरित्र लिहिणारे महीपतीबुवा ताहराबादकर (इ.स. 1715 ते 1790) सांगतात की, तुकोबांनी स्वतः माती कालवली, दगड वाहिले आणि भिंती उभ्या केल्या. (महीपती हे मूळचे गावचे कुलकर्णी. सरकारी लेखणी खाली ठेवून त्यांनी संतचरित्रे लिहिली. कचेरीत बसणाऱ्या माणसाला त्यांच्याविषयी अंमळ जास्त आपुलकी वाटणारच.) देऊळ बांधायला देणगी मागावी अशी गावाची स्थिती नव्हती आणि देणारा कोणी उरला नव्हता. नावाची पाटी लावण्याचा प्रश्नच नव्हता. रखमाबाई व संतोबा यांच्या स्मरणार्थ असे त्या भिंतीवर कोठे लिहिले नाही.

आपल्या देवळाच्या फरशीवर, खांबांवर, सभामंडपाच्या पायऱ्यांवर मात्र 'कै.' या अक्षराने सुरू होणारी नावे पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही. आई-बापाच्या नावाने दगड बसवावा असे कोणाला वाटत नाही? परंतु हा दगड दिला म्हणजे मेलेल्याची पुढची वाट सोपी होते, किंवा आपली स्वतःची सोपी होईल, अशी जी एक धाकधूक मनात असते, तिच्याविषयी तुकोबांचे म्हणणे काय होते ते पाहण्यासारखे आहे.

तुकोबांचा परलोकावर विश्वासच नव्हता असे हल्ली कोणी कोणी बोलतात. ते खरे नव्हे. गाथेत यमाचे दूत आहेत, जन्ममरणाचा फेरा आहे, वैकुंठ आहे. काळ दाराशी उभा आहे, सावध व्हा, असे ते लोकांना पुनःपुन्हा बजावतात. मात्र भयापोटी केलेल्या उपचारांवर त्यांनी कडक कोरडे ओढले आहेत. जिवंतपणी उपाशी ठेवायचे आणि मेल्यावर पिंड द्यायचा, ही निव्वळ फसवणूक आहे, कारण ते अन्न शेवटी आपणच खातो, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. ज्याची बायको अन्नाविना गेली तो माणूस हे सांगतो आहे, हे ध्यानात घ्यावे. दहाव्याचा स्वयंपाक मोठा आणि आजारपणातली पेज मात्र पातळ, अशी घरे आपल्या पंचक्रोशीतही सर्वांच्या पाहण्यात आहेत.

देवळाचे काम आणि हरिनाम यांबरोबर दुसरी एक गोष्ट घडली. तुकोबा भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधीत शोधीत तेथे पोहोचले. तेव्हा घरातील कर्जाच्या खतांची वाटणी झाली. निम्मी खते कान्होबांना दिली, कारण त्यांना संसार चालवायचा होता. आपल्या वाट्याची निम्मी तुकोबांनी इंद्रायणीत सोडून दिली. आजचा वाचक ही कथा ऐकून मान डोलावतो आणि पुढे जातो. पण ज्याने कचेरीत वारसनोंदी पाहिल्या आहेत, त्याला या कागदांची किंमत कळते. त्या काळी बाप मेला तरी कर्ज मरत नसे, ते मुलाच्या अंगावर येई. दुष्काळात मेलेल्या कुणब्याच्या पोरांना ते देणे पुढे पिढीभर पुरले असते. त्या काळी नक्कल मिळत नसे. कागद बुडाला म्हणजे देणे बुडाले.

पुढे स्वप्नात बाबाजी चैतन्यांचा अनुग्रह झाला आणि रामकृष्णहरि हा मंत्र मिळाला. नामदेवराय स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा करून गेले. कीर्तने होऊ लागली. चाकणचे संताजी तेली जगनाडे, कडूसचे गंगाराम मवाळ अशी टाळकरी मंडळी जमली. वाघोलीच्या रामेश्वरभटांचा विरोध आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्याची कथा सर्वश्रुत आहे. सन 1936 च्या प्रभातच्या बोलपटामुळे तर ती घरोघरी पोहोचली. येथे एवढेच नमूद करावयाचे की, तेरा दिवस महाराज अन्नपाण्यावाचून नदीकाठी पडून होते, आणि याही वेळी मरण अगदी हाताच्या अंतरावर होते. पुढे रामेश्वरभट त्यांचेच शिष्य झाले.

आता मुख्य गोष्ट. तुकोबांनी आपले मरण जिवंतपणीच पाहिले असे ते सांगतात, आणि तो सोहळा झाला असे म्हणतात. दुसऱ्या एका ठिकाणी आपला पिंड आपल्याच हाताने दिला, गयावर्जन झाले, पितरांचे ऋण फिटले, असे वर्णन आहे. दुष्काळाने दिवाळे काढले ते बरेच केले, असेही ते एका अभंगात देवाला सांगतात. बायको मेली ती मुक्त झाली, असेही दुसऱ्या एका अभंगात येते. आजच्या माणसाला हे बोल कठोर वाटतात. आमच्या एका परिचित गृहस्थांनी तर ते वाचून गाथा मिटून ठेवली. लेखकाच्या अल्पमतीने हा निर्दयपणा नव्हे. मरणाला नेता येण्यासारखे जे जे होते ते सर्व एकदा नेऊन झाल्यावर, मागे उरलेल्या माणसाला ते आणखी कशाची धमकी देणार? मी, माझे घर, माझा मान, हे ज्याचे आधीच जळून गेले, त्याच्या दारी यमदूत रित्या हातानेच परत जायचे.

म्हणूनच की काय, महाराजांनी देवाजवळ मुक्तीही मागितली नाही. इतर लोक पुन्हा जन्म नको म्हणून धडपडतात. तुकोबांनी मात्र नाम आणि संतांची संगत मिळणार असेल तर खुशाल पुन्हा गर्भवासी घाल, असे मागणे मागितले. परलोकाची ज्याला भीती वाटत नाही आणि लोभही वाटत नाही, असा भाविक विरळा.

शके 1571, फाल्गुन वद्य द्वितीया, म्हणजे 1650 सालच्या मार्चमध्ये महाराज वैकुंठास गेले. वय अवघे बेचाळीसच्या आसपास. ते सदेह गेले ही वारकऱ्यांची श्रद्धा आहे. इतिहासाचे अभ्यासक निरनिराळी मते मांडतात. तो वाद येथे नको. दरवर्षी बीजेला भर दुपारी देहूस नांदुरकीच्या झाडाखाली हजारो माणसे फुले घेऊन उभी असतात, आणि त्यांत नुकतेच घरचे माणूस गेलेलेही असतात.

जिजाबाईंनाही महाराजांनी बरोबर चलण्यास सांगितले होते, अशी परंपरागत कथा आहे. त्या गेल्या नाहीत. त्यांना दिवस गेलेले होते, पदरी मुले होती. काशी, भागीरथी व गंगा या मुली, महादेव व विठोबा हे मुलगे. जिजाबाईंना कीर्तनात कजाग म्हणून रंगविण्याची रीत पडली आहे, ती लेखकास मुळीच पसंत नाही. वैकुंठाचे आमंत्रण बाजूला ठेवून चूल पेटती ठेवणारी ती माउली होती. तिच्या पोटी नंतर नारायण जन्मले. बापाचे तोंड न पाहिलेल्या या मुलानेच 1685 साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानोबारायांच्या पादुका सोबत घेतल्या आणि ज्ञानोबा-तुकारामांचा गजर करीत पंढरीची वाट धरली.

रामकृष्णहरि.