डेलिया डर्बीशायर: ब्लेडने टेप कापून ‘डॉक्टर हू’ची धून घडवणारी मुलगी

दारव्ह्याला आमच्या काकांचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. मी चौथी-पाचवीत असताना तुटलेल्या कॅसेट घेऊन येणारी माणसं अजून होती. काका कॅसेट उघडायचे, रिळाची दोन्ही टोकं ब्लेडने तिरकी कापायचे, मागून सेलोटेपचा बारीक तुकडा लावायचे आणि पेन्सिलने रीळ गुंडाळून द्यायचे. गाणं परत सुरू व्हायचं, फक्त जोडाच्या जागी एखादा शब्द गिळला जायचा. तो गिळलेला शब्द पकडायला मी कान लावून बसायचे.

मागच्या दिवाळीत घरी गेले होते तेव्हा हे सगळं परत आठवलं, ते एका जुन्या मालिकेमुळे. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश सायन्स फिक्शन मालिकेचा अगदी पहिला भाग मी पाहिला. बीबीसीवर तो २३ नोव्हेंबर १९६३ ला लागला होता. आदल्याच दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. त्यामुळे पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी हा भाग पुन्हा दाखवावा लागला.

गोष्ट साधी आहे. सुझन नावाची शाळकरी मुलगी काही बाबतीत विलक्षण हुशार, तर साध्या गोष्टींत अडखळणारी. दोन शिक्षक तिच्या मागावर एका भंगाराच्या वाड्यात पोचतात. तिथे पोलिसांना फोन करायची एक लाकडी पेटी असते. बाहेरून जेमतेम कपाटाएवढी, आत मात्र भलीमोठी खोली! निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट २७ वर्षांची, आणि दिग्दर्शक वारिस हुसैन २४ वर्षांचा, जन्माने लखनौचा.

पण मला थांबवलं ते सुरुवातीच्या संगीताने. पडद्यावर धुरासारखे आकार आणि मागे या जगातली न वाटणारी धून. मला वाटलं, सिंथेसायझर असेल. शोधलं तर कळलं, तेव्हा बाजारात सिंथेसायझर नव्हताच! मग हे वाजवलं कोणी?

गणित शिकलेली मुलगी

तिचं नाव डेलिया डर्बीशायर. जन्म ५ मे १९३७, इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री शहर, कामगार कुटुंब. ती तीन वर्षांची असताना जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री बेचिराख केलं. हवाई हल्ल्याचे भोंगे हेच आपलं पहिलं इलेक्ट्रॉनिक संगीत, असं ती पुढे सांगायची. शिष्यवृत्ती मिळवून ती केंब्रिजला गेली आणि गणित व संगीत शिकली.

१९५९ मध्ये तिने एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीत अर्ज केला. उत्तर मिळालं की आमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत बायकांना घेत नाहीत. पुढच्या वर्षी ती बीबीसीत लागली आणि १९६२ मध्ये स्वतःहून रेडिओफोनिक वर्कशॉप या विभागात गेली. नाटकांसाठी विचित्र आवाज तयार करणारा हा विभाग. बाकीच्यांना तिथे पाठवलं की शिक्षा वाटायची, हिला ती मेजवानी वाटली.

धून बनली कशी?

१९६३ मध्ये रॉन ग्रेनर या संगीतकाराने ‘डॉक्टर हू’ची धून एका कागदावर लिहून दिली. सुरांसोबत वारा, ढग, बुडबुडे असे शब्द होते. ते आवाज कुठून आणायचे, हे डेलियाने ठरवायचं होतं.

मित्रांनो, आता तिची पद्धत बघा. खालचा धडधडणारा सूर म्हणजे एकदा छेडलेली एक तार. ती टेपवर रेकॉर्ड केली. टेप दुप्पट वेगाने फिरवली की तोच सूर वरच्या सप्तकात जातो, अर्ध्या वेगाने फिरवली की खालच्या. अर्ध्या पट्टीने चढवायचा असेल तर वेग सुमारे ६ टक्के वाढवायचा. म्हणजे एका तारेतून सगळे सूर मिळाले.

मग लांबी. स्टुडिओतली टेप सेकंदाला साधारण ३८ सेंटीमीटर धावायची. अर्ध्या सेकंदाचा सूर हवा असेल तर १९ सेंटीमीटर मोजा, ब्लेडने कापा, पुढच्या तुकड्याला चिकटवा. असा एकेक सूर! वरची लहरत जाणारी चाल यंत्रं तपासायच्या ऑसिलेटरची, त्याची चकती हाताने फिरवून काढलेली. वारा आणि ढग म्हणजे रेडिओचं स्टेशन नीट लागलं नाही की येते त्या खरखरीसारखा आवाज, फिल्टरमधून गाळून घेतलेला.

एकाच टेपवर अनेक ट्रॅक ठेवणारं मशीन त्यांच्याकडे नव्हतं. म्हणून वेगवेगळ्या टेप वेगवेगळ्या मशीनवर लावून सगळी मशीन एकदम सुरू करायची. एकदा काहीतरी चुकतंय हे ऐकू येत होतं, पण कुठे ते सापडेना. डेलिया आणि तिचा सहकारी डिक मिल्स यांनी टेप लांबलचक कॉरिडॉरमध्ये शेजारीशेजारी उलगडल्या आणि एकेक जोड तपासत गेले. एका टेपचा जोड बाकीच्यांच्या रांगेत नव्हता. बग सापडला! मी रोज कोडमध्ये ओळीओळीने हेच करते, फक्त मला जमिनीवर वाकावं लागत नाही.

नाव कुठे गेलं?

तयार धून ऐकून ग्रेनर थक्क झाला. हे खरंच मीच लिहिलं का, असं त्याने विचारलं. डेलियाला सहसंगीतकार म्हणून श्रेय मिळावं, यासाठी त्याने खटपट केली. पण वर्कशॉपमधल्या माणसांची नावं द्यायची नाहीत, असा बीबीसीचा नियम होता. पडद्यावर विभागाचं नाव आलं, तिचं नाही. धून मात्र थोड्याफार बदलांसह १९८० पर्यंत तीच वाजत राहिली.

इथे मला माझी पहिली नोकरी आठवली. चार महिने खपून एका अ‍ॅपचं ऑफलाइन सिंक मी लिहिलं होतं. रिलीजच्या मेलमध्ये फक्त ‘टीम’ असा शब्द होता. मी गप्प बसले, कारण पद्धतच तशी आहे असं सगळे म्हणाले. कोणाच्याही मनात वाईट नसतं, तरी नाव पुसलं जातं. नियमातून हे किती सहज होतं, ते डेलियामुळे मला नीट समजलं.

तिने पुढेही भरपूर काम केलं. हिरव्या रंगाची एक धातूची लॅम्पशेड तिची लाडकी होती. ती वाजवायची, ठोक्याचा ‘टण्ण’ कापून टाकायचा आणि मागे उरलेल्या घुमण्यातून सूर बनवायचे. १९७३ मध्ये तिने बीबीसी सोडली. पुढे गॅसची पाईपलाईन टाकणाऱ्यांकडे रेडिओ ऑपरेटर म्हणूनही ती राबली. दारूचं व्यसन लागलं होतं. शेवटच्या काही वर्षांत तरुण संगीतकार तिला शोधत आले आणि ती पुन्हा कामाला लागली, पण ३ जुलै २००१ ला वयाच्या ६४ व्या वर्षी ती गेली. घराच्या माळ्यावर २६७ टेप सापडल्या. आज त्या मँचेस्टर विद्यापीठाच्या ताब्यात आहेत.

मालिकेच्या पडद्यावर तिचं नाव पहिल्यांदा आलं ते २०१३ मध्ये, पन्नासाव्या वर्षाच्या विशेष भागात. तेव्हा तिला जाऊन १२ वर्षं झाली होती.

तुम्ही करून बघा

आज हे सगळं तुमच्या फोनवर होतं. स्टीलची वाटी चमच्याने वाजवून रेकॉर्ड करा. कोणत्याही फुकट ऑडिओ एडिटरमध्ये ठोक्याचा पहिला क्षण कापा, पिच खाली आणा, कॉपी करून वेगवेगळ्या उंचीवर लावा. दहा मिनिटांत भुताटकीचं संगीत तयार. डेलियाला यासाठी आठवडे लागायचे.

मी अशी एक क्लिप बनवून काकांना पाठवली. दुकान कधीच बंद झालंय, पण त्यांनी ती दोनदा ऐकली आणि फोन करून विचारलं, जोड कुठे आहे ते कळत कसं नाही? फाईलच्या नावात मी तिघांची नावं टाकली होती: डेलियाचं, काकांचं आणि माझं. तुम्हीही काही बनवून पाठवाल तेव्हा ज्याने केलं त्याचं नाव लिहायला विसरू नका.