पाय गेले, पण वाचकांना गडागडांवर नेलं! ‘स्वराज्य’ मालेचे लेखक नाथमाधव

दौलताबाद : देवगिरीच्या किल्ल्यातल्या अंधारीतून जाताना मोबाइलची बॅटरी लावली तरी छातीत धडधडतंच. वळणावळणाचा बोगदा, खालीवर पायऱ्या, डोक्यावर वटवाघळं आणि वाट चुकलेला शत्रू थेट खंदकात जाईल अशी रचना. जुन्या पिढीतल्या वाचकाला ही अंधारी आधीच कुठंतरी पाहिल्यासारखी वाटते. पाहिलेली नसते, वाचलेली असते. भुयारं, चोरवाटा, वेष बदलून फिरणारे हेर, ऐन मध्यरात्री किल्ल्याखाली येऊन थांबणारा घोडेस्वार. हे सगळं मराठी घराघरांत पोचवणाऱ्यांमध्ये एक मोठं नाव म्हणजे नाथमाधव. आणि या माणसाला स्वतःला एकही गड चढता येत नव्हता.

नाथमाधव हे टोपणनाव. खरं नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. स्वतःच्या नावातला ‘नाथ’ आणि वडिलांच्या नावातला ‘माधव’ घेऊन ते तयार झालं. जन्म मुंबईचा, ३ एप्रिल १८८२ चा. तरुणपणी लेखक व्हायचं वगैरे काही डोक्यात नव्हतं. अंगात रग होती, रानात भटकायची आवड होती आणि शिकारीचा जबरदस्त नाद होता.

हाच नाद अंगाशी आला. वय जेमतेम २३. शिकारीसाठी सिंहगडावर गेलेले असताना ते कड्यावरून खाली कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. १९०५ च्या सुमाराची ही गोष्ट. आजच्यासारखी ऑपरेशनं नव्हती, फिजिओथेरपी नव्हती, सरकारी योजना नव्हती. महिनोन् महिने दवाखाना आणि अंथरूण. गावाकडं झाडावरून किंवा विहिरीत पडून असं अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्यांनी घरात पाहिलंय, त्यांना यापुढचं वेगळं सांगायला नको. शरीराचे हाल तर होतातच, पण आता आपला कुणाला काय उपयोग, हा विचार माणसाला जास्त पोखरतो.

अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी वाचायला सुरुवात केली. मिळेल ते वाचलं. वाचता वाचता लिहू लागले. १९०८ मध्ये ‘प्रेमवेडा’ ही कादंबरी आली आणि पुढच्याच वर्षी ‘सावळ्या तांडेल’. अपघातानंतर तीन-चार वर्षांतच हा माणूस लेखक म्हणून उभा राहिला होता. त्यानंतर थांबणं नाही. १९१३ ची ‘वीरधवल’ तर इतकी गाजली की पुष्कळांना नाथमाधव म्हटलं की तीच आठवते. रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज कादंबरीकाराच्या पुस्तकाचा तिला आधार होता. त्या काळी असं सर्रास चालायचं, हरिभाऊ आपट्यांसारख्या मोठ्या लेखकानंही सुरुवात अशीच केली होती. पण आधार बाहेरचा असला तरी गोष्ट मराठी मातीत रुजवावी लागते आणि ते कसब नाथमाधवांकडं होतं. त्यांच्या पानावर आलेला वाचक मधेच उठून जात नसे.

त्यांनी सामाजिक कादंबऱ्याही लिहिल्या. ‘डॉक्टर’ तीन भागांत आली. ‘सोनेरी टोळी’त मुंबईतली ठगांची दुनिया आली. बायकांचं शिक्षण, विधवांचे हाल हे विषयही त्यांनी घेतले. पण वाचकांनी त्यांना खरं डोक्यावर घेतलं ते ‘स्वराज्य’ मालेमुळं.

ही माला १९२१ च्या सुमाराला सुरू झाली. पहिलं पुस्तक ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’. मग ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’, ‘स्वराज्यावरील संकट’. पुढं ‘स्वराज्याची घटना’, ‘स्वराज्याचे परिवर्तन’, ‘स्वराज्यातील दुफळी’. नुसती नावं ओळीनं वाचली तरी एक राज्य जन्माला येऊन वाढताना आणि शेवटी घरातल्या भांडणानं तडकताना दिसतं. आज वेब सिरीजचा एक सीझन संपला की पुढच्याची वाट पाहतात. शंभर वर्षांपूर्वी मराठी वाचकाला अशी वाट पाहायला लावणारी ही माला होती. एक भाग संपला तरी गोष्ट संपत नव्हती.

‘स्वराज्य’ हा शब्दही साधा नव्हता. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले. लगेच गांधीजींचं असहकाराचं आंदोलन पेटलं आणि एका वर्षात स्वराज्य, ही भाषा खेड्यापर्यंत पोचली. इंग्रजांच्या राज्यात सभेत हा शब्द उच्चारला तर पोलिसांचे कान टवकारत. पण शिवाजी महाराजांवरच्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर तो छापला तर कोण काय बोलणार? वाचणाऱ्याला मात्र दोन्ही अर्थ कळत होते.

आपल्या भागाला तर हे जास्तच लागू होतं. तेव्हा दौलताबाद, खुलताबाद, वैजापूर, गंगापूर हे सगळं निजामाच्या राज्यात होतं. शाळा-कचेऱ्यांत उर्दूचा दबदबा. मराठी पुस्तक यायचं ते पुण्या-मुंबईकडून. मराठवाड्यात लोकांनी पदरमोड करून जी वाचनालयं काढली, ती नुसती करमणुकीसाठी नव्हती. भाषा टिकवायची ती जागा होती आणि चार माणसं एकत्र बसायची सोयही. श्रावणात पोथी लावायची सवय असलेल्या गावाला कादंबरी मोठ्यानं वाचणं काही अवघड नव्हतं. एकानं वाचायचं, दहाजणांनी ऐकायचं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं, ते पाहायला नाथमाधव नव्हते.

शिवाय या मालेत ज्या स्वराज्याची कथा आहे, त्याची मुळं इथं आपल्या पायाखाली आहेत. भोसल्यांचं वेरूळ दौलताबादहून हाकेच्या अंतरावर. १६२९ साली याच किल्ल्यात निजामशाहीच्या दरबारात लखुजी जाधवरावांची मुलांसह दगा करून हत्या झाली. ते जिजाऊंचे वडील. तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या आणि काही महिन्यांतच, १९ फेब्रुवारी १६३० ला, शिवनेरीवर शिवराय जन्मले. १६३३ मध्ये मोगलांचा सरदार महाबतखान यानं वेढा घालून दौलताबाद जिंकलं. शहाजीराजांनी तरीही निजामशाहीच्या वारस पोराला गादीवर बसवून पेमगिरीवरून तीन वर्षं झुंज दिली. किल्ला बघायला येणारे बहुतेकजण मेंढा तोफ आणि चांदमिनारपाशी फोटो काढून परत जातात. जाधवरावांचा खून इथं झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

नाथमाधवांच्या कादंबऱ्या म्हणजे इतिहास नव्हे, हेही स्पष्ट सांगायला पाहिजे. त्यात खरी माणसं आहेत, तशी मनानं रचलेलीही भरपूर आहेत. प्रसंगही रचलेले आहेत. वाचकांनी त्यांच्यावर इतकं प्रेम केलं की काहींना रचलेली माणसंही खरीच वाटू लागली. समीक्षकांनी या भडक रंगाबद्दल, योगायोगांच्या गर्दीबद्दल नाक मुरडलं आणि त्यात तथ्य आहे. वाङ्मयाच्या इतिहासात हरिभाऊ आपट्यांना जी जागा मिळाली, ती नाथमाधवांना मिळाली नाही. पण वाचनालयात पुस्तक मागायला येणारा माणूस समीक्षा वाचून येत नाही. त्याला पुढं काय झालं ते हवं असतं आणि ते सांगण्यात हा लेखक कधी कमी पडला नाही.

पुढं वि. वा. हडपांनी ‘कादंबरीमय पेशवाई’ लिहिली. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ला आली, ‘श्रीमान योगी’ १९६८ ला, शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ ला. ‘छावा’वरचा सिनेमा २०२५ मध्ये गावोगावच्या पोरांनी गर्दी करून पाहिला. या नव्या कादंबऱ्यांची भाषा आणि अभ्यास वेगळा, पण त्यांना तयार वाचक मिळाला, त्यात ‘स्वराज्य’ मालेवर वाढलेली घरं होतीच.

या सगळ्यात एक गोष्ट मनातून जात नाही. ज्या सिंहगडानं पाय नेले, त्याच सह्याद्रीतल्या गडांवर हा माणूस आयुष्यभर मनानं फिरत राहिला. तानाजी मालुसऱ्यांनी १६७० मध्ये जो कडा दोराच्या आधारानं चढला, त्या गडाचा कडा यांना उतरवता झाला. दुसरा एखादा त्या डोंगराचं नावही पुन्हा घेतला नसता. नाथमाधवांची पात्रं मात्र कडे चढतात, तटावरून उड्या टाकतात, रातोरात घोडा दौडवतात. लिहिणारा अंथरुणात किंवा खुर्चीत. हे त्यांनी कसं सोसलं याचा आव त्यांनी लेखनात आणला नाही. पुस्तक वाचून लेखकाच्या पायांबद्दल काहीच कळत नाही.

२१ जून १९२८ ला नाथमाधव वारले. वय अवघं ४६. लेखनाची वर्षं धरली तर वीस, आणि तीही सगळी अपघातानंतरची.

त्यांना जाऊन आता जवळजवळ शंभर वर्षं होतील. त्यांच्या पुस्तकांवरचा कॉपीराइट केव्हाच संपलाय, कारण तेव्हाच्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत होती. म्हणजे १९७८ नंतर ती कुणालाही छापता येतात. जुन्या प्रतींचे स्कॅन इंटरनेटवर मोफत सापडतात. अक्षर बारीक आणि कुठंकुठं पुसट आहे, पण मोबाइलवर मोठं करून वाचता येतं. छापील प्रत हवी असेल तर गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात विचारा, कपाटाच्या वरच्या फळीवर एखादी असू शकते. पहिल्यांदाच वाचणाऱ्यांनी ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून सुरुवात करावी. भाषा जुनी, वाक्यं लांब, त्यामुळं पहिली वीसेक पानं जड जातील. त्यानंतर पुस्तक खाली ठेवणं कठीण.