वीर बाबुराव शेडमाके : पहिले पाऊल

मनुष्याच्या आयुष्यात असे प्रसंग येतात की, त्या वेळी योग्य काय हे त्याला कळत असते, परंतु पाऊल मात्र उचलत नाही. आज करू, उद्या करू, अमका आला म्हणजे करू, अशा विचारात दिवस जातात आणि कार्य जागच्या जागी राहते. द्विधा मनाचा हा रोग व्यक्तीस जडतो तसाच समाजासही जडतो. त्यावर औषध कोणते, हे पाहण्यासाठी आपणांस दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच रानात, आपल्याच कुळीत जन्मलेल्या एका तरुणाचे चरित्र त्यासाठी पुरेसे आहे. म्हणून यंदाच्या या स्मरणिकेत वीर बाबुराव शेडमाके यांचे पुण्यस्मरण करण्याचे आम्ही योजिले आहे.

बाबुरावांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी अहेरी भागातील किष्टापूर येथे झाला. त्यांचे वडील पुल्लेसूरबापू हे मोलमपल्लीचे जमीनदार होते. बाबुरावांचे बालपण घोटुलाच्या संस्कारात गेले व पुढे त्यांचे काही शिक्षण रायपूर येथे झाले, असे सांगतात. १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ साली इंग्रजांनी त्यांचे राज्य खालसा केले. त्याबरोबर चांदा प्रांतही इंग्रजांच्या अमलाखाली गेला. ज्या रानावर पिढ्यान् पिढ्या आपली वहिवाट होती, तेथे परक्याचा हुकूम चालू लागला.

पुढे १८५७ चा उठाव झाला. परंतु नागपुरातील घोडदळाचा बेत त्याच वर्षीच्या जूनमध्ये उघडकीस येऊन फसला व त्याच्या पुढाऱ्यांस फाशी देण्यात आले. मोलमपल्लीच्या चोवीस वर्षांच्या जमीनदारापुढे त्या वेळी कोणता पेच उभा होता, याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. गप्प बसावे तर जमीनदारी शाबूत राहत होती. उठावे तर तोफा-बंदुकांशी गाठ होती, आणि शेजारचे जमीनदार कोणत्या बाजूस झुकतील याचा भरवसा नव्हता. थांबण्यास सबळ कारणे होती. किंबहुना सगळी कारणे थांबण्याचीच होती!

तरीही बाबुराव थांबले नाहीत. त्यांनी गोंड, माडिया व रोहिले यांची जमवाजमव केली. ही सेना जंगोम सेना या नावाने ओळखली जाते. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगण्यावर चाल करून तो ताब्यात घेतला. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. अडपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव हे राजगड पडल्यानंतर त्यांस येऊन मिळाले. सर्व सोबती गोळा झाल्यावर आरंभ करू, असे बाबुरावांनी म्हटले असते, तर कदाचित कोणीच आले नसते. आधी पाऊल पडले, मग सोबत मिळाली. आमच्या मते त्यांच्या चरित्राचे सार हेच आहे.

चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने त्यांच्यावर फौज धाडली. १३ मार्च १८५८ रोजी नांदगाव-घोसरी येथे लढाई होऊन इंग्रजांच्या तुकडीस माघार घ्यावी लागली. घोसरी हे तर आपल्याच पोंभुर्णा तालुक्यातील गाव. त्या वाटेने आपण बाजारास जातो, परंतु तेथे काय घडले हे आपल्या मुलांस सांगत नाही, याची आम्हांस खंत वाटते. पुढे गढीसुर्ल्याच्या डोंगरावर इंग्रजांनी वेढा दिला, तेव्हा वरून शिळा लोटून आपल्या लोकांनी तो थोपविला. २९ एप्रिल रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथील तारखात्याच्या तळावर छापा पडला. त्यात गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले.

त्यानंतर क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. बाबुरावांस पकडून द्यावे, नाहीतर जमीनदारीस मुकावे, असा तो पेच होता. लक्ष्मीबाईंनी जमीनदारी राखिली. त्यांस दूषण देण्यात आम्हांस स्वारस्य नाही, कारण गादी सांभाळण्याचे ओझे काय असते हे बाहेरच्यास कळत नाही. परंतु एवढे खरे की, निर्णय दोघांनीही घेतला. एकाने योग्य काय हे पाहिले व दुसऱ्याने वाचेल काय हे पाहिले. बाबुराव एकदा हाती लागून निसटले, पण १८ सप्टेंबर १८५८ रोजी पुन्हा पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या कारागृहात त्यांस फाशी देण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस होते. व्यंकटराव बस्तरच्या रानात गेले. तेही १८६० मध्ये पकडले जाऊन जन्मठेपेस गेले आणि त्यांची जप्त झालेली ६७ गावे अहेरीस बक्षीस मिळाली.

कोणी म्हणेल, मग कृती करून मिळाले काय? आमचे उत्तर असे की, कृतीने यशाची हमी मिळत नाही, केवळ द्विधा संपते. आणि आज दीडशेहून अधिक वर्षांनंतर २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या कारागृहातील पिंपळापाशी लोक जमतात, ते ६७ गावांच्या स्मरणासाठी नव्हे.

आता थोडे आपल्याविषयी. समाजातील खेड्यापाड्यांच्या मुलींची दहावीनंतर राहण्याची सोय व्हावी, हा विषय आपल्या वार्षिक सभेत दरवर्षी निघतो. जागा नाही, निधी नाही, जबाबदारी कोण घेणार, अशी चर्चा होऊन तो पुढील सभेवर जातो. हात वर करून तो पुढे ढकलणाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल केले पाहिजे. दरम्यान ज्या मुलींचे शिक्षण सुटले, त्या पुढील सभेपर्यंत थांबत नाहीत. त्यांचे लग्न होऊन जाते.

बाबुरावांचे चरित्र लिहावे आणि आपण स्वस्थ बसावे, हे आमच्या मनास पटेना. म्हणून आमच्या घराच्या मागील दोन खोल्या येत्या जूनपासून चार मुलींसाठी मोकळ्या करण्याचे आम्ही व आमच्या कुटुंबाने ठरविले आहे. संध्याकाळी त्यांचा अभ्यासही आम्ही घेऊ. चार ही संख्या मोठी नाही. परंतु राजगड पडेपर्यंत व्यंकटरावही आले नव्हते. पाचवीची सोय कोण करणार, हे समाजबांधवांनी व भगिनींनी पुढील सभेची वाट न पाहता कळवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

जय सेवा!