थोर शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन

बेंजामिन फ्रँकलिन यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात झाला. त्यांचे वडील साबण व मेणबत्त्या तयार करीत. वडिलांना एकूण १७ मुलं. त्यात बेंजामिन पंधरावे. त्यांची शाळा दोनच वर्षं झाली. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते वडिलांच्या हाताखाली मेणबत्त्यांच्या वाती कापू लागले. मीही दहा वर्षांचा आहे. माझी शाळा आता सुटली तर मला फार वाईट वाटेल.

बाराव्या वर्षी ते थोरल्या भावाच्या छापखान्यात काम शिकू लागले. पण वाचन सोडलं नाही. संध्याकाळी पुस्तक उसनं आणायचं, रात्री जागून वाचायचं आणि सकाळी परत द्यायचं. १७२३ साली ते फिलाडेल्फियाला गेले. तिथे त्यांनी पुढे स्वतःचा छापखाना काढला. १७३१ साली मित्रांना घेऊन वाचनालय सुरू केलं.

नंतर त्यांना विजेचा नाद लागला. काचेची नळी कापडाने घासली की ती हलक्या वस्तू ओढते. आपण कोरड्या केसांत कंगवा घासून कागदाचे कपटे उचलतो, तसंच. घासल्याने वीज नवीन तयार होत नाही, ती एका वस्तूतून दुसरीत जाते, असं त्यांनी सांगितलं. जास्त झाली ती धन आणि कमी पडली ती ऋण, अशी नावं दिली. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात. धन-धन किंवा ऋण-ऋण दूर ढकलतात. गुरुजींनी आम्हांला लोकरीच्या मफलरवर दोन फुगे घासून दाखवले. ते खरोखरच एकमेकांपासून लांब पळाले!

आकाशातली वीजही हीच असेल का, हे त्यांना पाहायचं होतं. १७५२ साली त्यांनी वादळी ढगात रेशमी पतंग उडवला. दोरीला किल्ली बांधली. दोरीचे तंतू ताठ उभे राहिले. किल्लीजवळ बोट नेताच ठिणगी उडाली. पतंगावर वीज कोसळली, असं पुष्कळजण समजतात. तसं झालं असतं तर ते वाचलेच नसते. १७५३ साली रशियात रिखमान नावाचे शास्त्रज्ञ ढगातल्या विजेचा प्रयोग करताना मरण पावले. म्हणून मित्रांनो, हा प्रयोग कोणीही करू नका.

फ्रँकलिन यांनी घरावर उंच लोखंडी सळई लावून ती तारेने जमिनीत नेण्याची युक्ती काढली. वीज घराला धक्का न लावता जमिनीत जाते. यालाच वीजरोधक म्हणतात. या शोधाचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही. सर्वांना तो फुकट वापरू दिला.

आमच्या शेतात वळवाच्या पावसात चिंचेवर वीज पडली. खाली बांधलेला आमचा बैल मेला. आई दोन दिवस जेवली नाही. म्हणून भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांना मी सांगतो, ढग गडगडू लागले की झाडाखाली थांबू नका. लगेच घरात या.

१७ एप्रिल १७९० रोजी, ८४ व्या वर्षी फ्रँकलिन वारले. दोन वर्षं शाळा शिकून त्यांनी जगाचा जीव वाचवला. त्यांना माझे कोटी कोटी प्रणाम.

— इयत्ता ४ थी