जिम कॉर्बेट आणि खांद्याला बसणारा धक्का



नववीला 'गतीचे नियम' शिकवताना आपण बंदुकीचं उदाहरण हमखास देतो. गोळी पुढे, बंदूक मागे. फळ्यावर सूत्र लिहिलं की आपण पुढे सरकतो. पण तो धक्का एखाद्या लहान मुलाच्या खांद्याला बसला तर? आज त्यासाठी जिम कॉर्बेट यांची ओळख करून घेऊया.

जन्म २५ जुलै १८७५, नैनिताल. वडील पोस्टमास्तर. ते १८८१ मध्ये वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर आला. जिमला पहिली बंदूक मिळाली ती नात्यातल्या एका तरुणाकडून. दुनळी, तोंडाकडून दारू ठासून भरायची. कुणीतरी पूर्वी दारू जास्त ठासली होती. त्यामुळे उजवी नळी फाटलेली, दस्ता मोडलेला आणि सगळं पितळी तारेनं बांधलेलं! दारू किती भरायची हे आपल्याच हातात असतं, आणि माप चुकलं की काय होतं, याचा धडा त्या बंदुकीवरच लिहिलेला होता.

दहाव्या वर्षी जिम शाळेच्या कॅडेट तुकडीत गेला. तिथे .४५० ची मार्टिनी रायफल होती, धक्क्यासाठी बदनाम. मार बसणार हे ठाऊक असलेला खांदा गोळी सुटण्याआधीच आखडतो आणि नेम चुकतो. त्यात पाहुण्यांसमोर नेमबाजी दाखवायची आणि वर सार्जंट मेजरचा धाक. तेव्हा पाहणीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं घाई करू नकोस असं सांगून त्याला धीर दिला. पुढे त्याच कडक सार्जंट मेजरनं सुट्टीत सरावासाठी त्याला रायफल दिली.

आता विज्ञानाकडे वळूया. धक्का कमी करायचा तर दारू कमी करा, नाहीतर गोळी हलकी घ्या. गोळीचा संवेग घटला की बंदुकीचाही घटतो.

१९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यावर कॉर्बेट यांना .२७५ ची रिग्बी रायफल भेट मिळाली. तिची नेहमीची गोळी साधारण ९ ग्रॅमची. त्यांच्याकडे .४५०/४०० ची जड दुनळीही होती. तिची गोळी साधारण २६ ग्रॅमची, म्हणजे संवेग दुपटीहून जास्त. १९३० मध्ये चौगढची वाघीण अवघ्या काही फुटांवर समोर आली, तेव्हा त्यांच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती. अंडी न टाकता, एका हातानं हळूहळू वळवून त्यांनी गोळी झाडली ती याच हलक्या रायफलीतून. जड दुनळी तशी वळवता आली असती का? मुलांना विचारून बघा.

पुढे त्यांनी वाघांचं चित्रण करण्यावर भर दिला. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानासाठी त्यांनी खटपट केली. आज ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. १९ एप्रिल १९५५ रोजी केनियातील न्येरी इथे त्यांचं निधन झालं.

शिक्षक मित्रहो, गणिताचा किंवा इंग्रजीचा तास आला की खांदा आखडणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी माप थोडं कमी करा, घाई करू नका. नेम आपोआप लागायला लागतो.