जगन्नाथ शंकरशेट

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे ऊर्फ नाना शंकरशेट (१० फेब्रुवारी १८०३ – ३१ जुलै १८६५) हे मुंबईतील धनाढ्य व्यापारी, शिक्षणप्रसारक आणि सार्वजनिक कार्यकर्ते होते. मुंबईच्या जडणघडणीतील त्यांच्या वाट्यामुळे त्यांना आधुनिक मुंबईचे शिल्पकार म्हटले जाते.

कुटुंब व व्यवसाय

दैवज्ञ ब्राह्मण समाजातील मुरकुटे घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. वडील शंकरशेट यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस व्यापारात मोठी संपत्ती मिळवली. १८२२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा एकोणीस वर्षांच्या नानांवर पेढीचा भार आला. अरब व अफगाण व्यापारी आपला पैसा बँकेत न ठेवता नानांकडे ठेवत असत, असे सांगितले जाते. ही पत पुढे त्यांच्या सार्वजनिक कार्यालाही उपयोगी पडली.

शिक्षणविषयक कार्य

गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने स्थापन झालेल्या हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळीच्या कामात नाना तरुणपणीच सहभागी झाले. एल्फिन्स्टन १८२७ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या निधीतून पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालय आकारास आले. त्या प्रयत्नांत नाना अग्रभागी होते.

१८४० मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे ते सभासद होते. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांच्या मते सरकारी पैसा प्रामुख्याने इंग्रजी शिक्षणावर खर्च व्हावयास हवा होता. नानांनी त्यास विरोध केला. त्यांचा इंग्रजीला आक्षेप नव्हता. ते स्वतः इंग्रजी शिकलेले होते. परंतु परकीय भाषेतून दिलेले ज्ञान मूठभरांपलीकडे जाणार नाही आणि बहुजनांना शिकवायचे तर देशी भाषाच हवी, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रामजी कावसजी, मुहम्मद इब्राहिम मकबा आणि कर्नल जॉर्ज जर्व्हिस हे सभासद त्यांच्या बाजूने उभे राहिले. अध्यक्ष हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश असल्याने हा विरोध सोपा नव्हता. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यात उच्च शिक्षणासाठी इंग्रजी व सामान्य जनतेसाठी देशी भाषा अशी विभागणी स्वीकारली गेली.

स्त्रीशिक्षणास सनातनी मंडळींचा कडवा विरोध असताना नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. ते स्वतः धर्मनिष्ठ होते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

नागरी व राजकीय कार्य

मुंबईत जस्टिस ऑफ द पीस म्हणून नेमल्या गेलेल्या पहिल्या काही भारतीयांपैकी ते एक होते. सोनापूर येथील हिंदूंची स्मशानभूमी शिवडीला हलवण्याचा बेत त्यांच्या प्रयत्नांमुळे बारगळला.

सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह त्यांनी रेल्वेच्या योजनेचा पाठपुरावा केला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी ते संचालक म्हणून निगडित होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या प्रवासी गाडीत तेही होते.

२६ ऑगस्ट १८५२ रोजी बाँबे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. जमशेटजी मानद अध्यक्ष आणि नाना अध्यक्ष झाले. कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण होत असताना संस्थेने ब्रिटिश संसदेकडे अर्ज पाठवून खर्चिक कारभारावर टीका केली व राज्यकारभारात भारतीयांना स्थान मागितले. अर्जाच्या सुरामुळे काही धनिक सभासदांनी अंग काढून घेतले. नाना मात्र मागे हटले नाहीत. १८५७ च्या उठावाच्या काळात सरकारला त्यांचाही संशय आला होता, पण पुरावा न मिळाल्याने ते निर्दोष ठरले. पाच वर्षांनी, १८६२ मध्ये, त्याच सरकारने त्यांना मुंबई कायदेमंडळावर नेमले.

राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचे सहकारी होते.

निधन व स्मारके

३१ जुलै १८६५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. मॅट्रिकला संस्कृतात विशेष यश मिळवणाऱ्यास त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती दिली जात असे. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुख यांना मिळाली. ग्रँट रोडजवळील नाना चौक त्यांच्याच नावाने ओळखला जातो.