डॉ. वाल्डेमार हाफकिन

मुंबईस परळ येथील हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव पुष्कळांच्या कानावरून गेलेले असते. परंतु ज्या पुरुषाचे ते नाव, त्याचे चरित्र फार थोड्यांस ठाऊक असते. म्हणून ते आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या मातापितरांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. प्राणिशास्त्रात त्यांनी मोठे प्रावीण्य मिळविले. परंतु धर्म बदलल्याखेरीज त्यांस तेथे अध्यापकाची जागा मिळणे शक्य नव्हते. पोटासाठी श्रद्धा विकणे त्यांस रुचले नाही. आम्ही ख्रिस्ती आहो. तथापि या यहुदी गृहस्थाच्या निष्ठेपुढे आमचे मस्तक नम्र होते. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पटकीवरील लस तयार केली, व १८९२ च्या जुलैत ती प्रथम स्वतःसच टोचून घेतली. १८९३ साली ते हिंदुस्थानात आले.

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. लोक घरेदारे टाकून पळू लागले. पुण्यास रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने निवर्तल्या. अशा समयी हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत, एक कारकून व तीन शिपाई एवढ्यांच्याच साह्याने, रात्रंदिवस खपून प्लेगची लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आपल्याच अंगात टोचून घेतली. ताप चढला, अंग ठणकले. परंतु अपाय झाला नाही.

लस निरुपद्रवी आहे एवढे यावरून ठरले. ती रोग टाळते काय, हा प्रश्न उरलाच. त्यासाठी लस घेतलेले व न घेतलेले यांची तुलना हवी. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्मे कैदी लस घेण्यास पुढे आले. अन्न एक, पाणी एक, जागा एक. तरी न टोचलेल्यांत रोग व मृत्यू स्पष्टपणे अधिक आढळले.

१८९८ साली बडोद्याजवळील उंढेरा गावी याहून कसोशीची परीक्षा झाली. प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांस लस टोचली, उरलेल्यांस टोचली नाही. ज्या घरांत पुढे प्लेग आला, त्यांतील टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडून ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडून २६ दगावले. विद्यार्थ्यांनो, हे आकडे गणिताच्या वहीतील नव्हेत. ती सव्वीस माणसे कोणाची तरी आईबापे व लेकरे होती. लसीची खात्री पटली ती त्यांच्या प्राणांच्या मोलाने. बंदिवानाची संमती कितपत मोकळी, हाही विचार मनास टोचतो. म्हणूनच आता समजावून सांगून घेतलेल्या संमतीवाचून कोणावरही अशी परीक्षा करू नये, व नीतिसमितीने ती आधी तपासावी, असा नियम झाला आहे.

१९०२ साली हाफकिन यांच्यावर मोठे संकट कोसळले. पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला व त्यांस कामावरून दूर करण्यात आले. लसीत विष शिरले ते गावी बाटली उघडतेवेळच्या हलगर्जीपणाने, हे दाखवून देण्यासाठी रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी आवाज उठविला, आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. इतका अपमान सोसूनही ते पुन्हा हिंदुस्थानात परतले व निवृत्त होईपर्यंत येथेच राबले. १९२५ साली मुंबईच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांनी देह ठेवला.

आपल्या जिंतुरातही धाकट्या भावंडांस लस टोचावयास नेतात. मूल रडते, आईचे काळीज कळवळते. त्या वेळी, जो उपाय दुसऱ्यास द्यावयाचा तो आधी स्वतःवर पाहणाऱ्या या सत्पुरुषाचे, आणि उंढेऱ्याच्या त्या निनावी माणसांचे, आपण कृतज्ञतेने स्मरण करावे.